पॅरिसहून आलेली तसबीर

विवाहाइतका गंभीर विषय नाही आणि विवाहाइतका थट्टेचा विषयही नाही. वेदीसमोर दोन माणसे एकमेकांना जन्मभराचे वचन देतात तेव्हा सारे चर्च स्तब्ध असते; त्याच दिवशी संध्याकाळी मांडवात नवराबायकोच्या भांडणाचे विनोद रंगतात आणि त्यांना सर्वांत मोठ्याने हसतात ते लग्नाला पंचवीस वर्षे झालेले संसारी लोक. या हास्यात विवाहाचा अनादर असतो काय? परपुरुष, परस्त्री, संशयी नवरा, उतरत्या वयात प्रेमात पडलेला गृहस्थ, या पात्रांवर रचलेल्या विनोदी कथा आणि नाटके आपल्या भाविक घरांतून पुष्कळदा हलकी मानली जातात. शतकानुशतके धर्मगुरूंनीही त्यांच्याविरुद्ध प्रवचने दिली आहेत. तथापि या साहित्याचा इतिहास पाहिला म्हणजे असे दिसते की लोक काळाबरोबर निरनिराळ्या गोष्टींना हसत आले. प्रथम ते फसलेल्या नवऱ्याला हसले आणि पुढे संशयाला हसू लागले. हा बदल लहान नाही. तो कसा घडला हे पाहण्यासाठी पॅरिसमध्ये जन्मलेल्या, लंडनमध्ये वाढलेल्या आणि अखेर मराठी रंगभूमीवर स्थायिक झालेल्या एका तसबिरीच्या गोष्टीचा मागोवा घेऊ या.

फसलेला नवरा

मध्ययुगीन युरोपात फसलेल्या नवऱ्याची कथा बाजारात, पथिकाश्रमात आणि सरदारांच्या वाड्यात सारख्याच आवडीने ऐकली जाई. अशा नवऱ्याच्या कपाळावर शिंगे उगवतात, असे लोक म्हणत. दोन बोटे कपाळाशी धरून दाखवली की ज्याला समजायचे त्याला समजे. इटालियन लेखक जोव्हानी बोकाचिओ याने सुमारे १३५३ साली पूर्ण केलेल्या 'डेकॅमेरॉन' या ग्रंथात शंभर कथा आहेत. १३४८ च्या प्लेगने फ्लॉरेन्स नगर ओस पडत असता सात तरुणी आणि तीन तरुण सांता मारिया नोव्हेला या चर्चमध्ये भेटतात, गावाबाहेर जातात आणि दहा दिवस रोज दहा कथा सांगतात, अशी त्याची मांडणी आहे. त्यातील सातवा दिवस केवळ बायकांनी नवऱ्यांना कसे चकवले या कथांसाठी राखून ठेवलेला आहे. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने साठ वर्षांच्या एका सरदाराची गोष्ट लिहिली. त्याचे नाव जानेवारी आणि त्याने वरलेल्या तरुण मुलीचे नाव मे. हिवाळा आणि वसंत यांचे लग्न कसे व्हायचे, हे नावांतच आले.

या कथांतील हास्य निर्दय आहे. नवरा म्हातारा असतो, कंजूष असतो किंवा मूर्ख असतो, म्हणून तो फसला ते योग्यच झाले, असा त्यांचा न्याय. बायको चतुर असते, पण तिच्या चतुराईला फसवणुकीखेरीज दुसरे काम दिलेले नसते. ज्या समाजात मुलीला वर निवडण्याचा अधिकार नव्हता, त्या समाजाचा दबलेला राग या हास्यातून बाहेर पडत होता, असे म्हणता येईल.

ख्रिस्तसभेने या ग्रंथाचे काय केले, तेही ऐकण्यासारखे आहे. 'डेकॅमेरॉन' निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेला. परंतु इटालियन गद्याचा तो आदर्श असल्याने फ्लॉरेन्सच्या विद्वानांनी त्याची शुद्ध केलेली आवृत्ती काढण्याची परवानगी मिळवली. ती १५७३ साली निघाली. संपादकांनी कथांतील धर्मगुरू, संन्यासी आणि व्रतस्थ भगिनी यांना काढून त्यांच्या जागी प्रापंचिक माणसे घातली. परपुरुषाशी संग करणाऱ्या बायका आणि त्यांचे फसलेले नवरे मात्र बहुतांशी जागच्या जागी राहिले. पाप राहिले, फक्त पापी बदलले! आपल्या घराची अब्रू सांभाळण्याची घाई झाली म्हणजे मुख्य प्रश्न कसा नजरेआड होतो, याचे हे बोलके उदाहरण आम्हा धर्मगुरूंनी विसरू नये.

यॉर्कच्या रस्त्यावरील योसेफ

याच काळात संशयी नवऱ्याचे दुसरे एक चित्र ख्रिस्ती समाज रंगवीत होता, आणि तेही चर्चच्या छायेत. उत्तर इंग्लंडमधील यॉर्क शहरात ख्रिस्तशरीराच्या सणाच्या दिवशी, सृष्टीच्या उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंतचे प्रसंग चाकांच्या मंचांवरून रस्तोरस्ती सादर होत. या नाटकांच्या नोंदी १३७६ पासून मिळतात आणि १५६९ साली ती शेवटची झाली. प्रत्येक प्रसंग एकेका व्यावसायिक संघाकडे असे. कथिलाची भांडी घडवणारे आणि ओतारी यांच्याकडे जो प्रसंग होता, तो होता संत योसेफाच्या मनातील संशयाचा.

मत्तयकृत शुभवर्तमानात हा प्रसंग मोजक्या शब्दांत येतो. पवित्र मरिया गर्भवती असल्याचे दिसून येते. योसेफ नीतिमान असल्यामुळे तिची बेअब्रू करू इच्छीत नाही, तिला गुपचूप सोडून देण्याचा विचार करतो आणि मग स्वप्नात देवदूत त्याला सत्य सांगतो. यॉर्कच्या कारागिरांनी या मितभाषी योसेफाला बोलते केले. त्यांचा योसेफ वयाने थकलेला, कुरकुरणारा म्हातारा आहे. आपण म्हातारे, बायको तरुण, आता लोक काय म्हणतील, हे त्याचे दुःख. तो मरियेला पुनःपुन्हा विचारतो, मूल कोणाचे? तिच्या सोबतिणी सांगतात की देवदूताखेरीज येथे कोणी आलेले नाही. त्यावर योसेफ म्हणतो, देवदूताचा वेष घेऊन कोणी पुरुषच आला असावा! प्रेक्षक या ठिकाणी नक्कीच हसत असतील, कारण बाजारातील कथेतला फसलेला म्हातारा त्यांना पाठ होता. परंतु येथे तोच साचा उलटा होतो. बायको निष्कलंक आहे आणि नवऱ्याचे सगळे तर्क चुकीचे आहेत. देवदूताने सत्य सांगितल्यावर योसेफ मरियेची क्षमा मागतो. ज्या हास्याची सुरुवात नवऱ्याच्या फजितीने झाली, त्याचा शेवट गुडघे टेकण्यात होतो. संशय हा विनोदाचा आणि त्याच वेळी प्रायश्चित्ताचाही विषय होऊ शकतो, हे या साध्या कारागिरांनी ओळखले होते.

पॅरिस, १६६०

आता आपण मुख्य गोष्टीकडे येऊ. जाँ बाप्तिस्त पोक्लँ याचा बाप्तिस्मा १५ जानेवारी १६२२ रोजी पॅरिसच्या सेंट युस्टाश चर्चमध्ये झाला. वडील राजाच्या महालातील गाद्या-पडद्यांचे काम पाहणारे प्रतिष्ठित व्यावसायिक. मुलाचे शिक्षण येशूसंघीयांच्या क्लेर्माँ विद्यालयात झाले असे मानले जाते. या संघाच्या विद्यालयांतून विद्यार्थी लॅटिन नाटके करीत, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी. पुढे या मुलाने १६४३ साली बेजार कुटुंबाबरोबर नाटक मंडळी काढली, कर्जापायी तुरुंगही पाहिला, मोलिएर हे नाव घेतले आणि तेरा-एक वर्षे फ्रान्सच्या गावोगाव फिरून १६५८ साली तो पॅरिसला परतला. आपल्याकडील नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना ही भटकंती परकी वाटणार नाही.

२८ मे १६६० रोजी मोलिएरने एक छोटे पद्यनाटक रंगमंचावर आणले. स्गानारेल हे त्यातील नायकाचे नाव, आणि 'कल्पनेने फसलेला नवरा' असा त्याच्या उपनामाचा अर्थ सांगता येईल. त्या उन्हाळ्यात चौदावा लुई आपल्या विवाहासाठी स्पेनच्या सीमेकडे गेला होता आणि दरबारही त्याच्यामागे गेला होता. तरीही नाटक चालले. इतके चालले की एकाने ते परवानगीवाचून छापूनही टाकले. मोलिएरच्या हयातीत त्याच्या मंडळीने सर्वांत अधिक वेळा केलेले हे त्याचे नाटक होय.

गोष्ट अशी. सेली या मुलीचे लेली या तरुणावर प्रेम आहे. बापाला मात्र श्रीमंत जावई हवा आहे. दुःखाने सेलीला रस्त्यात भोवळ येते आणि तिच्या हातातील लेलीची तसबीर खाली पडते. शेजारचा स्गानारेल तिला सावरायला धावतो. त्याची बायको खिडकीतून पाहते : आपला नवरा एका तरुण मुलीला मिठीत घेऊन उभा! ती खाली येईपर्यंत रस्ता मोकळा झालेला असतो. तिला फक्त पडलेली तसबीर मिळते. चित्रातील देखणा चेहरा ती न्याहाळत असताना स्गानारेल परततो आणि पाहतो : आपली बायको परपुरुषाची तसबीर पाहते आहे! ती तसबीर तो हिसकावून घेतो. इतक्यात लेली गावी परततो, आपली तसबीर या अनोळखी गृहस्थाच्या हाती पाहतो आणि विचारतो, ही कोठून मिळाली? स्गानारेल सांगतो, माझ्या बायकोकडून. लेली समजतो की सेलीने याच माणसाशी लग्न केले. असे करता करता चार माणसे चार निरनिराळ्या पापांवर ठाम विश्वास ठेवून बसतात, आणि त्यांपैकी एकही पाप घडलेले नसते.

स्गानारेल सूड घेण्यासाठी चिलखत चढवून बाहेर पडतो. वाटेत तो स्वतःशीच हिशेब मांडतो की अब्रू गेली तरी पाय तुटत नाहीत, तलवारीने मात्र माणूस मरतो. प्रतिस्पर्धी समोर येतो तेव्हा, हे चिलखत पावसासाठी घातले आहे, असे सांगून तो मोकळा होतो. शेवटी या गुंत्यातून सर्वांना सोडवते ती सेलीची दासी. ती कोणताही युक्तिवाद करीत नाही. एकेकाला समोर उभे करून ती साधे प्रश्न विचारते : तुम्ही काय पाहिले? तसबीर कोणाकडून मिळाली? पाच-सहा प्रश्नांत संशयाचा डोंगर ढासळतो. प्रेक्षकांचा निरोप घेताना स्गानारेल त्यांना बजावतो की डोळ्यांना दिसले म्हणून लगेच खरे मानू नका.

मध्ययुगीन कथेत नवऱ्याला काही कळत नसे, म्हणून लोक हसत. येथे नवऱ्याला सगळे कळले आहे असे वाटते, म्हणून लोक हसतात. नवऱ्याच्या कपाळावरची शिंगे त्याने स्वतःच्या हाताने बसवलेली आहेत. हा मोलिएरने केलेला बदल आहे.

चाळिशीचा नवरा

आपल्या भाषेत चाळिशी म्हणजे वय आणि चाळिशी म्हणजे चष्माही. त्या वयात जवळचे अंधुक दिसू लागते, हे डोळ्यांपुरतेच खरे असते असे नाही. मोलिएरला हा विषय पुरता ठाऊक होता. २० फेब्रुवारी १६६२ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याने आर्मांद बेजार हिच्याशी लग्न केले. ती विशीच्या आसपास होती. त्याच वर्षी २६ डिसेंबरला त्याचे 'बायकांची शाळा' या अर्थाचे नाटक आले. त्यातील आर्नोल्फ हा बेचाळीस वर्षांचा गृहस्थ. जन्मभर तो इतरांच्या फसलेल्या संसारांना हसत आला आहे आणि आपण फसू नये म्हणून त्याने एक युक्ती योजली आहे. आन्येस नावाची गरीब मुलगी चार वर्षांची असल्यापासून त्याने मठात अज्ञानात वाढवून घेतली. जिला काही कळतच नाही ती फसवील कशी, असा त्याचा हिशेब! ती मोठी होते, एका तरुणाच्या प्रेमात पडते आणि आर्नोल्फचे सारे कुलूपबंद शहाणपण वाया जाते. सर्वांत करुण भाग असा की या चाळिशीच्या माणसाला शेवटी तिच्याबद्दल खरे प्रेम वाटू लागते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

या नाटकावर मोठे वादळ उठले. आर्नोल्फ त्या मुलीला नरकाची भीती घालतो आणि पत्नीधर्माची वचने वाचायला लावतो. हा प्रवचनांचा उपहास आहे, असा आरोप झाला. मोलिएरने १६६३ साली दोन लहान नाटके लिहून उत्तर दिले. त्याच्या संसाराविषयी शत्रूंनी पुष्कळ गलिच्छ मजकूर पसरवला. राजाने १६६४ साली मोलिएरच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्म्यातील धर्मपिता होऊन त्या कुजबुजीला आपल्या परीने उत्तर दिले. ज्याने संशयाची थट्टा केली, त्याच्याच घरावर संशयाचे शेण फेकले गेले.

१७ फेब्रुवारी १६७३ रोजी 'काल्पनिक रोगी' या अर्थाच्या नाटकाच्या चौथ्या प्रयोगानंतर मोलिएर घरी वारला. त्या काळी फ्रान्समध्ये नटांनी आपला व्यवसाय सोडल्याखेरीज त्यांना संस्कार देऊ नयेत, असा दंडक होता. सेंट युस्टाशच्या दोन धर्मगुरूंनी येण्याचे नाकारले. तिसरे आले ते प्राण गेल्यानंतर. त्याच्या शेवटच्या घटकेला भिक्षेसाठी आलेल्या दोन व्रतस्थ भगिनी जवळ होत्या. ज्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला होता, तेथून ख्रिस्ती दफनही मिळेना. विधवेने राजाकडे आणि पॅरिसच्या आर्चबिशपांकडे अर्ज केला. अखेर काळोख पडल्यावर, समारंभावाचून, २१ फेब्रुवारीच्या रात्री त्याला पुरण्यात आले. त्या दफनभूमीचे नाव संत योसेफाचे होते.

ख्रिस्तसभेची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बिशप बोस्युए यांनी १६९४ साली नाटकांवर कठोर टीका लिहिली. जी थट्टा वारंवार ऐकावी तिची लाज हळूहळू जाते, आणि व्यभिचाराला हसायची सवय झालेले मन त्याला सौम्य मानू लागते, हे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. हे म्हणणे पोकळ नाही. मोलिएरच्याच १६६८ सालच्या 'जॉर्ज दाँदँ' या नाटकात उमरावाच्या मुलीशी लग्न केलेला श्रीमंत शेतकरी खरोखरच बायकोच्या वागण्याने गांजलेला आहे. तो खरे सांगतो आणि प्रत्येक वेळी त्यालाच क्षमा मागावी लागते. ते पाहताना हसू येते आणि हसल्याची बोचही लागते. सगळे विनोद एका मापाचे नसतात. परंतु बोस्युए यांनी सगळ्यांना एकाच मापाने मोजले. 'स्गानारेल'सारख्या नाटकात विवाहाची थट्टा नसून विवाहाच्या शत्रूची थट्टा आहे, हा फरक त्यांच्या नजरेत आला नाही.

लंडन, १७६१

पॅरिसची ही तसबीर शंभर वर्षांनी इंग्लिश खाडी ओलांडून गेली. ती नेणारा आर्थर मर्फी हा मूळचा आयरिश कॅथलिक. जन्म १७२७ चा. त्या काळी ब्रिटिश राज्यात कॅथलिक शाळांना बंदी असल्याने पुष्कळ कुटुंबे आपली मुले समुद्रापलीकडे पाठवीत. मर्फीही उत्तर फ्रान्समधील सेंट ओमर येथे इंग्रज येशूसंघीयांच्या विद्यालयात शिकला. पुढे तो लंडनमध्ये वकील, पत्रकार आणि नाटककार झाला; डॉक्टर जॉन्सन यांच्या मित्रमंडळात त्याची ऊठबस होती. नट सॅम्युएल फूट याच्याबरोबर त्याने १७६१ च्या उन्हाळ्यात ड्रुरी लेन थिएटर भाड्याने घेतले आणि १५ जूनला आपले पाच अंकी नाटक सादर केले. 'सारेच चुकले' असा त्याच्या नावाचा अर्थ होतो.

मोलिएरचा एक अंक त्याने पाच अंकांपर्यंत वाढवला. येथे नवरा सर जॉन आणि बायको लेडी रेस्टलेस हे दोघेही संशयाने सारखेच पछाडलेले आहेत. आडनावाचा अर्थच मुळी अस्वस्थ. मोलिएरची बायको नाटकभर निनावी असते. मर्फीने तिला नवऱ्याच्या बरोबरीचे स्थान दिले, तिचाही त्रागा रंगवला आणि संशय हा काही पुरुषांचाच मक्ता नाही, हे दाखवून दिले.

मराठी रंगभूमीवर

हेच नाटक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोविंद बल्लाळ देवल यांच्या हाती आले. देवलांचा जन्म १८५५ सालचा, सांगलीजवळच्या हरिपूरचा. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या तालमीत तयार झालेला हा नाटककार. १८९० साली त्यांनी शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चे 'झुंझारराव' हे रूपांतर केले होते. निष्पाप पत्नीवरचा संशय आणि त्यातून घडलेला खून हा त्याचा विषय. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९३ साली, त्यांनी मर्फीच्या नाटकावरून 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिले. एकाच लेखकाने, एकाच दशकात, एकाच रोगाचे एक शोकनाट्य आणि एक प्रहसन मराठीला द्यावे, ही विलक्षण गोष्ट आहे. एकात संशयाचे निमित्त हातरुमाल आहे, दुसऱ्यात तसबीर. दोन्ही वस्तू निर्जीव. बोलते ते माणसाचे मन.

पुढे त्याच नाटकाला पदांची जोड मिळून १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने 'संगीत संशयकल्लोळ' रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी देवलांचे निधन झाले. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती यांची आठवण जुन्या रसिकांनी पिढ्यान्पिढ्या सांगितली. हे नाटक त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे मराठी रंगभूमीवर वेळोवेळी नव्या संचात होत राहिले आहे.

देवलांनी या परकीय गोष्टीला घरचे रूप कसे दिले ते पाहण्यासारखे आहे. पुरुषांना त्यांनी महिन्यांची नावे दिली आणि स्त्रियांना नक्षत्रांची : फाल्गुनराव, अश्विनशेट, भादव्या, कृत्तिका, रेवती, रोहिणी. संशयी नवऱ्याला शिमग्याचा महिना मिळावा हा योगायोग नसावा. नावे कानावर पडताच प्रेक्षकाला ही माणसे आपल्या पंचांगातली, आपल्या आळीतली वाटू लागतात. दुसरा बदल अधिक अर्थपूर्ण आहे. मर्फीची नायिका कुलीन घरातील मुलगी आहे. १८९३ च्या महाराष्ट्रात कुलीन घरची अविवाहित तरुणी प्रियकराची तसबीर घेऊन रस्त्याने जाते, हे पटण्यासारखे नव्हते. देवलांनी रेवतीला नायकिणीची मुलगी केले. सोय म्हणून केलेल्या या बदलाने नाटकाला नवी खोली आली. जिच्या जन्मावरूनच समाज तिच्या शीलाचा निवाडा करून मोकळा होतो, ती रेवती अश्विनशेटवर एकनिष्ठ प्रेम करते आणि त्याच्याशी विवाहाची इच्छा धरते. तिच्यावर घेतलेला संशय म्हणजे एका माणसाचा मत्सर तर असतोच, शिवाय त्यात साऱ्या समाजाचा पूर्वग्रह मिसळलेला असतो. पॅरिस आणि लंडनच्या नाटकांत नसलेली ही गोष्ट मराठीने त्यात घातली.

उतरत्या वयातील लग्नाच्या हव्यासावरही देवलांनी लिहिले. १८९९ सालच्या 'संगीत शारदा'त पैशाच्या बळावर कोवळ्या शारदेशी लग्न लावू पाहणारा वृद्ध भुजंगनाथ आहे. आर्नोल्फची आठवण यावी असाच हा गृहस्थ. मात्र येथे बापाने मुलगी विकायला काढलेली असल्याने हसता हसता डोळे ओले होतात. १९२९ सालचा बालविवाह प्रतिबंधक कायदा 'शारदा कायदा' म्हणून लोकांच्या तोंडी बसला. त्याचे नाव खरे तर तो मांडणाऱ्या हरविलास सारडा यांच्यावरून आले. पण मराठी माणसाने ते शारदेशी जोडावे, यातच त्या नाटकाचे यश आहे.

नावांनी सांगितलेला इतिहास

या एका गोष्टीची नावे ओळीने ठेवून पाहावीत. १६६० साली 'कल्पनेने फसलेला नवरा', १७६१ साली 'सारेच चुकले', १८९३ साली 'तसबिरीचा घोटाळा' आणि १९१६ साली 'संशयकल्लोळ'. पहिल्या नावात एका पुरुषाची फजिती आहे. दुसऱ्यात दोष सर्वांना वाटून दिला आहे. तिसऱ्याने बोट दाखवले ते एका वस्तूकडे. आणि चौथ्या नावात नवरा नाही, बायको नाही, तसबीरही नाही, उरला आहे तो केवळ संशय. अडीचशे वर्षांत विनोदाने आपले खरे लक्ष्य हुडकून काढले.

आणि या विनोदाचा धडा कोणता? ऑथेल्लो आणि स्गानारेल यांना झालेला रोग एकच. एकाची पत्नी प्राणाला मुकते आणि दुसऱ्याचा संसार सुरळीत होतो, याचे कारण पुष्कळसे एका दासीत आहे. मोलिएरची दासी वेळेवर विचारते. शेक्सपिअरची एमिलिया हातरुमालाची हकिगत सांगते, पण तेव्हा डेस्डेमोना मेलेली असते. शोकनाट्य आणि प्रहसन यांच्यात अंतर आहे ते वेळेवर विचारलेल्या एका प्रश्नाचे. यॉर्कचा योसेफ कुरकुरतो, रागावतो, चुकीचे तर्क करतो. पण तो मरियेशी बोलत राहतो. शुभवर्तमानातील योसेफ त्याहून थोर : त्याला सत्य ठाऊक नाही तेव्हाही त्याची पहिली चिंता आहे ती तिची बेअब्रू होऊ नये ही. संशय मनात येणे माणसाच्या हातात नसेल. संशय आल्यावर पहिले पाऊल कोठे टाकावे, हे त्याच्या हातात असते. फाल्गुनराव आणि कृत्तिका एकाच घरात राहतात, एकाच पंगतीला जेवतात, सबंध नाटकभर बोलतात, आणि तरीही एकमेकांना सरळ प्रश्न विचारीत नाहीत. विचारला असता तर पहिल्याच अंकात नाटक संपले असते.

आजची तसबीर हातातून रस्त्यात पडत नाही. ती मोबाइलमध्ये असते. रात्री आलेला एखादा निरोप, यादीतले एखादे अनोळखी नाव, कोणाच्या लग्नातला कोणाशेजारी काढलेला फोटो, एवढ्यावर चाळिशी ओलांडलेली शहाणी माणसे महिनोन्महिने अबोला धरतात. पूर्वी खिडकीतून अर्धेच दिसत असे, आता पडद्यावर अर्धेच दिसते. उरलेले अर्धे मन रंगवते. सगळेच संशय खोटे असतात असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. काही घरांत विश्वासघात खरोखरच घडलेला असतो आणि त्या जखमेवर विनोदाचे औषध लागू पडत नाही; तेथे सत्य, न्याय, पश्चात्ताप आणि क्षमा यांचीच वाट चालावी लागते. परंतु ज्या घरात तसबिरीखेरीज काहीच घडलेले नाही, अशी घरेही थोडी नाहीत. त्यांच्यासाठी मोठ्या ग्रंथाइतकेच उपयोगाचे ठरेल असे एक प्रहसन मराठीत आहे. विवाहाच्या तयारीच्या वर्गात नवदांपत्यांना आपण अनेक गंभीर गोष्टी सांगतो. त्यांच्या जोडीला 'संशयकल्लोळ'चा एखादा प्रवेश वाचून दाखवायला हरकत नसावी.

१४ जून २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी निरनिराळ्या देशांतील शंभरहून अधिक विनोदी कलाकारांना व्हॅटिकनमध्ये बोलावून घेतले. हास्य माणसांना जोडते, आणि आपण ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांचीच थट्टा करतो, अशा आशयाचे विचार त्यांनी त्या वेळी मांडले. मोलिएरला रात्रीच्या काळोखात पुरल्यानंतर साडेतीनशे वर्षांनी त्याच्या व्यवसायबंधूंचे भरदिवसा झालेले हे स्वागत होते. ते पाहायला मोलिएर नव्हता. तथापि ज्या विवाहाच्या रक्षणासाठी त्याच्यावर दरवाजे बंद झाले, त्या विवाहाचे रक्षण तो आपल्या परीने करीतच होता. मोठ्याने हसणारी जोडपी नाटकगृहातून घरी जाताना वाटेत एकमेकांकडे पाहून ओशाळत असतील, आणि त्यांपैकी काहींनी त्या रात्री मनात दडवलेला प्रश्न एकमेकांना विचारलाही असेल.